मुक्ती मिशन (केडगाव)

हा लेख पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील संस्थेविषयी आहे. सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेले कडेगाव हे वेगळे गाव आहे.

मुक्ती मिशन ही पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी दौंड तालुक्यातील केडगाव येथे स्थापन केलेली ख्रिस्ती सेवासंस्था होय. दुष्काळग्रस्त मुली, विधवा, अंध, वृद्ध व समाजाने टाकलेल्या स्त्रिया यांना आश्रय, शिक्षण व उपजीविकेचे साधन देणे हे तिचे मुख्य कार्य. महाराष्ट्रात ख्रिस्ती श्रद्धेतील करुणेला संस्थात्मक रूप मिळाल्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

धार्मिक आधार

ख्रिस्ती शिकवणीत करुणा ही केवळ भावना नसून कृती आहे. लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाची शुश्रूषा करणारा परका मनुष्य हाच खरा शेजारी ठरतो. मत्तयाच्या २५व्या अध्यायात भुकेल्यांना, परक्यांना व आजाऱ्यांना केलेली मदत ही प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच सेवा मानली आहे.

पार्श्वभूमी

रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आईवडील गमावले होते. १८८२ मध्ये त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करताना त्यांनी पाहिल्या. अशा स्त्रियांना शिक्षा नव्हे, तर माया मिळू शकते, हा अनुभव त्यांना नवा होता. त्याचे कारण विचारले असता त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. या प्रसंगाचा आपल्या मनावर खोल परिणाम झाल्याचे त्यांनी पुढे आत्मकथनात नोंदवले.

स्थापना व विस्तार

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व तेथील निराधार मुलींना त्यांनी सोबत आणले. याच काळात पुण्यात प्लेगची साथ होती. त्यामुळे या मुलींची व्यवस्था केडगाव येथील शेतजमिनीवर करण्यात आली आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातमधील दुष्काळामुळे आश्रितांची संख्या आणखी वाढली.

गरजेनुसार संस्थेत निरनिराळे विभाग निर्माण झाले. कृपा सदन समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी, प्रीती सदन वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी, तर बार्तिमी सदन अंधांसाठी होते. ‘बार्तिमी’ हे नाव बायबलमधील अंध भिकाऱ्यावरून घेतले आहे. शेती, विणकाम, तेलघाणी व छपाई ही कामे स्त्रियांना शिकवली जात. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेला बायबलचा मराठी अनुवादही येथेच सिद्ध झाला.

वाद

शारदा सदनाने धार्मिक तटस्थतेची हमी दिली होती. मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली उपस्थित राहतात, यावरून वाद झाला. १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांनी संस्थेच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. निराधारांना दिलेल्या मदतीसोबत धर्मप्रसार व्हावा काय, हा टीकाकारांचा प्रश्न होता. आपली प्रार्थना लपवणार नाही आणि कोणावर लादणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. मुक्ती सदन मात्र आरंभापासून उघडपणे ख्रिस्ती संस्था होती.

वारसा

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. त्यांच्यानंतरही संस्थेचे कार्य सुरू राहिले. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.