पहिल्या विजयावरून संघ जोखावा काय? महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या हंगामारंभीचे गणित

नंदिनी नगर (भिलाई) : भिलाई पोलाद प्रकल्पाला चुनखडी पुरविणाऱ्या खाणींलगत वसलेल्या या वसाहतीपासून भिलाई शहर वीसेक किलोमीटरवर आहे. या पट्ट्यात बास्केटबॉल हा परका खेळ नाही. पोलाद प्रकल्पाच्या क्रीडा सुविधांच्या आधारे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी भिलाईत मुलींच्या अनेक पिढ्या घडविल्या आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या छत्तीसगड राज्याला महिला बास्केटबॉलच्या राष्ट्रीय नकाशावर मानाचे स्थान मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की येथील चाहत्यांप्रमाणेच नागपूर, पुणे वा मुंबईतील चाहत्यांपुढेही तोच प्रश्न उभा राहतो : यंदा आपल्या महाविद्यालयाचा संघ कुठवर मजल मारेल?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत आणि भारतात एकाच पद्धतीने देता येत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन हंगाम नोव्हेंबरच्या आरंभी सुरू होतो आणि मार्चमधील बाद फेरीपूर्वी प्रत्येक संघ सुमारे तीस सामने खेळतो. पहिले चार सामने फसले, तरी चूक सुधारण्यास अवधी उरतो. भारतातील बहुतांश महाविद्यालयांचा हंगाम मात्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील मोजक्या सामन्यांत आटोपतो. स्पर्धा बाद पद्धतीची असेल, तर पहिला पराभव हाच अखेरचा सामना ठरतो.

*खेळाडूंपुढील पणाला लागलेले भवितव्य*

महाविद्यालयीन स्पर्धेतील कामगिरी आणि निवड चाचणी यांतून विद्यापीठाचा संघ उभा राहतो. हा संघ प्रथम आंतरविद्यापीठ विभागीय स्पर्धा खेळतो. पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण या चार विभागांतील प्रत्येकी चार अव्वल संघ अखिल भारतीय फेरीत दाखल होतात. तेथील यशामुळे खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेचे दार उघडते. या स्पर्धेचे पहिले आयोजन २०२० मध्ये भुवनेश्वर येथे झाले होते.

या पायऱ्यांवर मिळणारी प्रमाणपत्रे क्रीडा कोट्यातील नोकरीच्या अर्जाला जोडली जातात. महिला बास्केटबॉलमध्ये भारतीय रेल्वेचे दीर्घकाळ वर्चस्व राहिले आहे, कारण गुणी खेळाडूंना रेल्वेत नोकरी मिळते. साध्या घरातील मुलीसाठी विद्यापीठाच्या बारा जणींत स्थान मिळणे म्हणूनच केवळ हौसेचा विषय राहत नाही. संघाविषयी घाईने बांधलेला अंदाज निवडीच्या चर्चेतही उतरतो आणि एखाद्या वाईट दिवसाची किंमत खेळाडूला मोजावी लागू शकते.

*धावफलक का फसवितो?*

बास्केटबॉलमध्ये लांबून टाकलेल्या फेकीला तीन गुण मिळतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ही रेषा बास्केटपासून ६.७५ मीटर अंतरावर असते. एखाद्या संघाने अशा १५ फेकी टाकल्या आणि त्यांतील सहा यशस्वी झाल्या, तर १८ गुण मिळतात. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच फेकींतून तीनच साधल्या, तर गुण होतात नऊ. संघ तोच, डावपेच तेच; तरीही नऊ गुणांची तफावत पडते. चुरशीच्या सामन्याचा निकाल बदलण्यास तेवढे अंतर पुरेसे असते.

प्रतिस्पर्ध्याचा दर्जा ही दुसरी अडचण. दुबळ्या संघाविरुद्ध ४० गुणांनी मिळविलेल्या विजयापेक्षा बलाढ्य संघाकडून चार गुणांनी झालेला पराभव कित्येकदा अधिक आश्वासक असतो. केवळ एकूण गुण पाहणेही पुरेसे नाही. वेगवान खेळ करणारा संघ ९० वेळा चेंडूचा ताबा मिळवून ८१ गुण करतो, तर संथ खेळणारा संघ ६० ताब्यांत ६० गुण करतो. पहिल्याचा आकडा मोठा दिसतो. पण प्रत्येक ताब्यामागे तो ०.९ गुण मिळवितो आणि दुसरा एक गुण. आक्रमण दुसऱ्याचेच सरस ठरते.

*मग पाहावे काय?*

पहिला प्रश्न, गेले कोण आणि राहिले कोण? तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात दरवर्षी संघाचा मोठा हिस्सा बाहेर पडतो. गतवर्षी सर्वाधिक वेळ मैदानावर असलेल्या पाच जणींपैकी चार परतल्या असतील, तर पहिल्या पराभवाने खचण्याचे कारण नाही. चेंडू पुढे नेणारी अनुभवी गार्ड गेली असेल, तर पहिल्या विजयानेही हुरळून जाऊ नये. अमेरिकेतील विश्लेषकही हंगामाच्या सुरुवातीस नव्या निकालांसोबत गतवर्षीच्या कामगिरीला आणि परतलेल्या खेळाडूंना मोठे वजन देतात.

दुसरा प्रश्न, चेंडू किती वेळा हातचा गेला? फेक यशस्वी होण्यात दैवाचा वाटा असतो. चुकीचा पास मात्र बहुधा सरावाचा अभाव दाखवितो. चेंडू गमावण्याचे प्रमाण, हुकलेल्या फेकीनंतरचे रिबाऊंड आणि मिळविलेले फ्री थ्रो या तीन नोंदी साध्या वहीतही ठेवता येतात. दोन-तीन सामन्यांपुरत्या त्या धावफलकापेक्षा अधिक बोलक्या ठरतात.

तिसरा प्रश्न उंचीचा. भिलाईत घडलेल्या आणि भारताकडून खेळलेल्या पूनम चतुर्वेदी यांची उंची जवळपास सात फूट. अशी खेळाडू लाभणे हे संघाचे भाग्यच. मात्र तिच्यापर्यंत योग्य क्षणी चेंडू पोहोचविणाऱ्या सहकारी नसतील, तर त्या उंचीचा लाभ अर्धाच मिळतो. संघ पाहताना उंच खेळाडूकडे जेवढे लक्ष जाते, तेवढेच तिला पास देणाऱ्या हातांकडेही जावयास हवे.

अखेरचा निकष सरावाचा. भिलाईच्या यशामागे मुलींनी वर्षानुवर्षे एकाच मैदानावर, एकाच शिस्तीत एकत्र केलेला सराव होता. स्पर्धेच्या आठवडाभर आधी निवड चाचणी घेऊन जमविलेला संघ आणि पावसाळ्यापासून एकत्र घाम गाळणारा संघ यांच्यात पहिल्या सामन्यात फारसा फरक दिसेलच असे नाही. अखेरच्या दहा मिनिटांत, पाय थकल्यावर आणि गुणसंख्या बरोबरीत असताना, तो स्पष्ट होतो. हंगामाचा अंदाज बांधू पाहणाऱ्या चाहत्याने ती दहा मिनिटे अवश्य पाहावीत.