हिमोग्लोबिन कमी, पण कशामुळे?

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९ आलं की घरात बीट, गूळ, खजूर येतात. रक्त कुठे जातंय, हा प्रश्न मात्र राहूनच जातो. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं; १ मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, आणि रोजच्या जेवणातून शरीर जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषतं. त्यामुळे पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईचा हिशेब वर्षानुवर्षं तुटीचा राहतो. ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून हे दुखणं अंगावर काढलं जातं, याचं फार वाईट वाटतं. पन्नाशीच्या पुरुषात किंवा पाळी गेलेल्या स्त्रीत लोह कमी निघालं, तर अल्सर, मूळव्याध, आतड्याचा कर्करोग यांचा शोध घ्यायलाच हवा. शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायातून शिरणारे अंकुशकृमीही आतड्यात रक्त पितात. जेवणाबरोबरचा चहा लोहाचं शोषण घटवतो, लिंबू वाढवतं.

पण प्रत्येक अ‍ॅनिमिया (रक्तक्षय) लोहाच्या कमतरतेचा नसतो. नंदुरबार, गडचिरोलीत सिकलसेल आढळतो. थॅलेसेमिया, बी-१२ची कमतरताही असते. म्हणून डॉक्टरांना विचारून फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी, करून घ्या. लोहाच्या गोळ्या लागल्याच, तर हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण ३ महिने घ्याव्या लागतात, कारण शरीरातला साठा त्यानंतर भरतो.