टक्का वाढला, पण कोणाचा?

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी आकडे यायला लागले की पारावर आणि टीव्हीवर एकच भाकीत ऐकू येतं: टक्का वाढलाय, आता सरकार पडणार. १९७७ साली तसं घडलंही होतं. लोकसभेचं मतदान ५५ टक्क्यांवरून ६० च्या वर गेलं आणि इंदिरा गांधींची सत्ता गेली. पण १९८४ साली ते ६४ टक्क्यांच्या आसपास पोचलं, तेव्हा सत्ताधारी काँग्रेसनेच चारशेचा आकडा ओलांडला. २०१४ मध्ये ६६.४ टक्के मतदान झालं, सरकार बदललं. २०१९ मध्ये ६७.४ टक्के झालं, सरकार टिकलं. नुसत्या टक्क्यावरून निकाल सांगता येत नाही, हे मान्यच करायला हवं.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. घरी राहिलेल्यांचा कल मत दिलेल्यांसारखाच असेल, तर मतदान ५० टक्के होवो की ९०, निवडून तोच येणार. प्रत्यक्षात गैरहजेरी सारखी वाटलेली नसते. मतदान गळिताच्या हंगामात आलं, की बीडचा ऊसतोड कामगार गावापासून शेकडो किलोमीटर दूर उसाच्या फडात असतो. त्याचं न पडलेलं मत आणि सुट्टी घेऊन सहलीला गेलेल्याचं न पडलेलं मत एकाच पारड्यातलं असेल असं नाही.

याची उत्तम परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. तिथल्या राज्यांनी सक्तीचं मतदान वेगवेगळ्या वर्षी लागू केलं, त्यामुळे सक्ती असलेल्या आणि नसलेल्या राज्यांची तुलना करता आली. राज्यशास्त्रज्ञ अँथनी फाउलर यांनी २०१३ साली तो हिशेब मांडला. सक्तीमुळे मतदानाची टक्केवारी सुमारे २४ अंकांनी वाढली, आणि मजूर पक्षाचा मतांमधला वाटा ७ ते १० अंकांनी. आधी घरी राहणाऱ्यांत कष्टकरी वर्ग जास्त होता. तो केंद्रावर आला आणि त्याच्या पक्षाची मतं वाढली. मला यातली खरी गोष्ट ही वाटते, की न आलेला मतदारही निकाल घडवत असतो.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. तिथे मत न दिलेल्या मतदारांची संख्या साडेसात लाखांहून अधिक होती.