अर्ध्या तासाचा चमत्कार

मॉडर्न पेन्टॅथलॉनमध्ये घोडा १९१२ पासून होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर तो या खेळातून गेला. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये त्याच्या जागी अडथळ्यांची शर्यत असेल.

ठिणगी पडली ती टोकियोत, ६ ऑगस्ट २०२१ रोजी. सुवर्णाच्या वाटेवर असलेल्या जर्मनीच्या अनिका श्लॉयच्या वाट्याला चिठ्ठीने सेंट बॉय हा घोडा आला आणि ऐन वेळी अडला. त्याआधी त्याने रशियाच्या खेळाडूलाही दाद दिली नव्हती. अनोळखी घोड्याशी जुळवून घ्यायला या खेळात जेमतेम वीस मिनिटं मिळत. श्लॉय रडत होती, प्रशिक्षक किम राइस्नर कुंपणापलीकडून ‘मार, मार’ म्हणून ओरडत होत्या. त्यांनी स्वतःही घोड्याला एक ठोसा लगावला. जगाने हे सगळं थेट पाहिलं. घोडा का अडला, हे खोदून काढण्यापेक्षा घोडाच नको म्हणणं सोपं होतं. खेळाच्या जागतिक महासंघाने तेच केलं.

अडेल घोडा आणि त्याला वठणीवर आणणारा जादूगार ही जोडी तशी जुनीच. १८५८ मध्ये ओहायोच्या जॉन रेरीने इंग्लंडमध्ये क्रूझर नावाचा माणसांवर धावून जाणारा घोडा शांत केला होता. पुढचा एक पाय पट्ट्याने वर बांधायचा, ही त्याची युक्ती. त्यानंतरही कित्येक तबेल्यांत चित्र जुनंच राहिलं. घोडा हट्टी आहे, हे निदान. आणि चाबूक, हे औषध.

अशा जादूगारांची खरी धूम १९९० च्या दशकात उडाली. इंग्लंडच्या राणीने १९८९ मध्ये अमेरिकी अश्वप्रशिक्षक माँटी रॉबर्ट्सला विंडसरला बोलावलं होतं. १९९५ मध्ये निकोलस एव्हान्सची ‘द हॉर्स व्हिस्परर’ ही कादंबरी आली, पुढच्या वर्षी रॉबर्ट्सचं आत्मचरित्र आणि १९९८ मध्ये रॉबर्ट रेडफर्डचा सिनेमा. गोल रिंगण, त्यात कधीच पाठीवर खोगीर न घेतलेला तरणा घोडा आणि अर्ध्या तासात त्यावर बसलेला स्वार: तिकीट काढून आलेले लोक टाळ्या वाजवत. आत्मचरित्रातल्या बालपणावर नात्यातल्याच दोघींनी १९९९ मध्ये खंडनाचं पुस्तक लिहिलं, पण खप काही थांबला नाही.

या मंडळींचं श्रेय नाकारता येत नाही. घोड्याला न मारताही शिकवता येतं, हे त्यांनी सामान्य मालकाच्या गळी उतरवलं. पण त्याबरोबर अर्ध्या तासाची चटकही लावली. घोडा घरी परतला की खोगीर तेच, दुखरी पाठ तीच.

त्याच दशकात ब्रिटनमध्ये पॉल मॅकग्रीवी, क्रिस्टीन निकोल आणि त्यांचे सहकारी शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांची पाहणी करत होते. दाराची कड दातात धरून हवा ओढणं, जागच्या जागी डुलत राहणं या खोडी तोवर घोड्याच्या स्वभावावर ढकलल्या जात आणि गळ्याभोवती पट्टा आवळला जाई. १९९५ च्या त्यांच्या पाहणीत वेगळंच दिसलं: दिवसाला ६.८ किलोपेक्षा कमी वैरण मिळणाऱ्या, तसंच शेजारच्या घोड्याशी कमी संपर्क असलेल्या घोड्यांत अशा खोडींचा धोका जास्त होता. हे काम बघायला कुणी तिकीट काढलं नाही.

न्यूमार्केटजवळच्या ॲनिमल हेल्थ ट्रस्टमध्ये पशुवैद्य सू डायसन यांनी खोडीमागचं कारण शोधण्याचं तेच सूत्र पुढे नेलं. स्वार पाठीवर असताना कान मागे पाडणं, तोंड उघडणं, शेपटी झटकणं, पाऊल पुढे न टाकणं अशा २४ खुणांची त्यांची यादी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या आठ किंवा अधिक दिसल्या, तर घोडा हट्टी नसून त्याची हाडं किंवा स्नायू दुखत असण्याची दाट शक्यता. आणि ही संस्था? २०२० मध्ये पैशाअभावी बंद पडली. एकेका शिंगरावर लाखो पौंडांची बोली लागते, त्याच परिसरात!

घोड्याच्या वर्तनाचे प्रशिक्षित तज्ज्ञ आज ब्रिटनमध्ये आहेत, त्यांच्या नोंदवह्याही आहेत. मात्र ‘बिहेविअरिस्ट’ ही पाटी कुणीही लावू शकतो. कायद्याची आडकाठी नाही. नोंदणीकृत तज्ज्ञ आधी पशुवैद्याची चिठ्ठी मागतो, मग दात, पाठ, खोगिराचं माप, वैरण, शेजारी कोणता घोडा बांधतात, सगळं विचारत बसतो. फोनवर एवढं ऐकून वैतागलेला मालक दुसरा नंबर फिरवतो, तिकडे अजून अर्ध्या तासाचीच हमी मिळते.