‘होता’ की ‘आहे’?

रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हातात पडतो, त्यावर आजाराच्या नावापुढे कधी कधी एक इंग्रजी अक्षर आणि दोन-तीन आकडे छापलेले असतात. आपण बिल पाहतो, गोळ्यांच्या वेळा पाहतो. त्या आकड्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तो असतो आजाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. १८९३ मध्ये जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी केली, तिचाच वाढत गेलेला हा वंश. आता ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे.

या यादीच्या दहाव्या आवृत्तीत ‘झेड’ अक्षराचं एक प्रकरण आहे. आज अंगात नसलेल्या, पण डॉक्टरांना ठाऊक असायला हव्यात अशा पुष्कळ गोष्टी तिथे नोंदवतात. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग म्हणजे ‘सी ६१’. तोच पूर्वी होऊन गेला असेल तर ‘झेड ८५.४’. अमेरिकेने याचे आणखी बारीक भाग पाडले आहेत. तिथे प्रोस्टेटचा जुना कर्करोग ‘झेड ८५.४६’, तर वृषणाचा ‘झेड ८५.४७’.

‘आहे’चं ‘होता’ कधी करायचं? अमेरिकेतला नियम असा, की गाठ काढलेली किंवा नष्ट केलेली हवी, तिच्यासाठी कुठलाही उपचार चालू नको आणि रोगाची खूणही नको. हॉर्मोनची इंजेक्शनं चालू असतील, तर रुग्ण कितीही ठणठणीत दिसो, क्रमांक ‘सी ६१’च.

घोळ होतो तो आपल्या बोलण्याच्या सवयीने. डॉक्टरमंडळी ‘हिस्टरी ऑफ डायबेटिस’ असं सर्रास लिहितात. त्यांना म्हणायचं असतं, मधुमेह आहे. क्रमांक घालणाऱ्या माणसाने रुग्ण पाहिलेला नसतो, त्याच्यापुढे फक्त कागद. समजा, सत्तरीच्या एका गृहस्थांची प्रोस्टेट ग्रंथी आठ वर्षांपूर्वी काढली. आता ते फक्त वर्षाकाठी रक्त तपासून घेतात. जुन्या फाइलवरून कुणी नुसतं ‘प्रोस्टेट कॅन्सर’ उतरवलं, की कागदावर ते पुन्हा कर्करोगी! विमा कंपनीही तेच वाचणार. उलट चूक अधिक वाईट, कारण उपचार चालू असलेला माणूस कागदावर बरा होऊन बसतो.

अर्थात, मुळात सांगितलंच नाही तर लिहिणार काय? पुरुष इथे फार गप्प असतात. वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणाला सूज आली होती, हे सांगायचं राहून जातं आणि मूल होत नाही म्हणून तपासण्या आधी बायकोच्या सुरू होतात. लहानपणी न उतरलेलं वृषण शस्त्रक्रियेने खाली आणलेलं असेल, तर त्याचा क्रमांक ‘झेड ८७.७’. अशांना पुढे वृषणाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, म्हणून ही नोंद मोलाची. कित्येकांना स्वतःलाही ते आठवत नाही. जांघेत जुना व्रण दिसत असेल, तर आईला विचारावं.