मागे जोडलेले घर, पुढे कच्चा रस्ता

ट्रेलर की कॅरॅव्हॅन? मोटर कॅरॅव्हॅनला स्वतःचे इंजिन असते. कॅम्पर ट्रेलर गाडीमागे ओढला जातो. त्याची नोंदणी वेगळी होते. राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१चे.

भार : ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीवर हवा. सामान मागे लादले, की ट्रेलर डोलू लागतो आणि खड्ड्यांच्या उतारावर हे फार धोक्याचे. पाणीही मोजावे : ५० लिटर म्हणजे ५० किलो.

जमीन : माण, जतकडचा कोरडा मुरूम चाक धरतो. काळी माती पावसात चाकाला थापली जाते, तेव्हा थांबावे.

मुक्काम : चांदोली २००४पासून राष्ट्रीय उद्यान, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वनक्षेत्रात परवानगीशिवाय तळ नाही. कास २०१२पासून जागतिक वारसा. फुलांच्या पठारावर चाक नकोच.