वडप्याहून प्रसूतीला कुठे जायचं? स्त्रीरोगतज्ज्ञ निवडतानाचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई–नाशिक महामार्गावरचं वडपे आज गोदामांचं गाव म्हणून ओळखलं जातं. ठाण्याच्या माजिवड्याहून निघणारा, आठपदरी करायला घेतलेला सुमारे चोवीस किलोमीटरचा रस्ता इथे येऊन पोचतो. जवळच आमण्याला समृद्धी महामार्ग उतरतो. त्याचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नकाशा उघडला तर दवाखाने चारी दिशांना दिसतात. तरी घरात दिवस गेल्याची बातमी आली की पहिला प्रश्न तोच असतो: नाव कुठे घालायचं? उत्तर बहुतेक वेळा ऐकीव असतं. शेजारणीची सुखरूप सुटका झाली तो दवाखाना चांगला, जावेचं सिझर झालं तो वाईट.

डॉक्टर निवडायचा तर तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: त्यांचं शिक्षण, त्यांच्या दवाखान्याची तयारी आणि मध्यरात्री तिथे पोचायचा रस्ता. यातली एक जरी सुटली तरी बाकीच्या दोन्हींचा उपयोग निम्म्यावर येतो. खालचे बहुतेक गैरसमज यातली एकच गोष्ट पाहिल्यामुळे होतात.

‘लेडी डॉक्टर म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ’

हे खरं नाही. एमबीबीएस झालेल्या डॉक्टर बाई गरोदर स्त्रीची प्राथमिक तपासणी उत्तम करतील, पण स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचं शिक्षण त्यापुढचं आहे. एमडी किंवा एमएस तीन वर्षांचं, डीजीओ ही पदविका दोन वर्षांची, किंवा डीएनबी. पाटीवर ‘स्त्रीरोग’ हा शब्द आहे म्हणून थांबू नका, नावापुढची पदवी वाचा. आयुर्वेदातही प्रसूतितंत्र व स्त्रीरोग विषयात एमएस होतं. ते शिक्षण खोटं नाही, पण ते वेगळं आहे आणि त्याची नोंदणी वेगळ्या परिषदेकडे असते. गावोगाव बीएएमएस डॉक्टरच पहिला आधार असतात आणि त्यांनी वेळेवर पुढे पाठवलं म्हणून कितीतरी बायका वाचल्या आहेत. प्रश्न एवढाच, की आपण कोणाकडे कशासाठी जातोय हे आपल्याला माहीत हवं.

अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा तो क्रमांक टाकून घरातलं कॉलेजात जाणारं पोरही पडताळून देईल. मोबाइलवर ‘जवळचे स्त्रीरोगतज्ज्ञ’ शोधल्यावर जे तारे दिसतात, त्यांचा या नोंदणीशी काही संबंध नाही. तारे लोकांच्या अनुभवाचे असतात, पदवीची खात्री ते देत नाहीत.

बाईनेच तपासावं ही इच्छा मात्र कोणी हसण्यावारी नेऊ नये. वडप्याच्या शेजारचं कल्याण हे माहेर असलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. चौदाव्या वर्षी झालेलं मूल उपचारांअभावी दहा दिवसांत गेलं, ते दुःख त्यामागे होतं. त्याच वर्षी मुंबईत बायकांसाठी कामा रुग्णालय सुरू झालं. ही गरज जुनी आणि खरी आहे. पण जवळपास पुरुष तज्ज्ञच असतील तर तेवढ्यासाठी तपासणी टाळू नका. पुरुष डॉक्टर तपासत असताना खोलीत स्त्री असावी, हा रुग्णाचा मान्य झालेला हक्क आहे. सरळ सांगा, ‘सिस्टरना आत थांबू द्या.’

‘डॉक्टरचा हात चांगला असला की झालं’

या समजुतीने जीव जातात, म्हणून इथे जरा थांबू.

प्रसूती नव्वद टक्के ठीक पार पडेल असं धरलं, तरी उरलेल्या वेळी काय बिघडेल हे आधी सांगता येत नाही. मूल झाल्यावर गर्भाशय नीट आवळलं नाही, वार अडकली, की रक्तस्राव सुरू होतो. धडधाकट बाईचाही जीव त्यात काही तासांत जाऊ शकतो. अशा वेळी एकट्या डॉक्टरचा हात पुरत नाही. भूल देणारे डॉक्टर हवेत, शस्त्रक्रियेची खोली तयार हवी, रक्त हाताशी हवं, बाळ रडलं नाही तर बालरोगतज्ज्ञ हवेत. म्हणून डॉक्टरांना पहिल्या दोन-तीन भेटींतच विचारा: रात्री सिझर करावं लागलं तर इथे होतं का? भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून येतं? बाळ कमी दिवसांचं झालं तर त्याला कुठे ठेवाल? तुम्ही गावाला गेलात तर कोण पाहील? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. चिडले तर तेही एक उत्तरच समजा.

सगळ्यांना मोठं रुग्णालय लागतं असंही नाही. पण आधीचं सिझर असेल, जुळं असेल, रक्तदाब किंवा साखर वाढलेली असेल, वार खाली असेल, बाळ पायाळू असेल, तर जिथे चोवीस तास शस्त्रक्रिया होते तिथेच नाव घाला. रक्ताचंही तसंच. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं तर तो गंभीर. अशी बाई इतरांना सोसणारा रक्तस्रावही सोसू शकत नाही. ‘आमच्यात सगळ्यांचंच रक्त कमी असतं’ हे आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं.

आणि रस्ता. वडप्याहून ठाणं लांब नाही, पण मध्ये राजनोली आणि मानकोली आहे. तिथे ट्रकांची रांग लागली की किलोमीटरला अर्थ राहत नाही. कल्याणला जायचं तर एक वाट राजनोलीहून कोन–दुर्गाडीची, दुसरी पडघा–बापगाव रस्त्याने गांधारी पुलावरून. सातव्या महिन्यात एकदा, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, ठरवलेल्या रुग्णालयापर्यंत स्वतः जाऊन पाहा. दोन ठिकाणं ठरवा: दर महिन्याच्या तपासणीसाठी जवळचं, आणि अडचण आली तर थेट जायचं ते मोठं. दोन्हीकडे आधी एकदा दाखवून ठेवलेलं असेल तर रात्री दारात नव्याने सगळी कहाणी सांगावी लागत नाही.

‘सरकारी दवाखान्यात हालच होतात’

गर्दी असते, कधी वागणूक तोडून टाकणारी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे काय मिळतं हे माहीत नसल्याने अनेक कुटुंबं कर्ज काढून खाजगीत जातात, आणि याची मला फार चीड येते. १ जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझरसुद्धा, मोफत आहे. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, राहतानाचं जेवण, घरून न्यायची आणि परत सोडायची गाडी, सगळं त्यात आलं. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२, कुठल्याही तातडीसाठी १०८. गाडीला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून कमी जणांना माहीत आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान चालतं. चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची तपासणी त्या दिवशी मोफत होते आणि त्यासाठी खाजगीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाही बोलावलं जातं. ‘आपल्या भागात तज्ज्ञच नाहीत’ असं म्हणण्यापूर्वी गावातल्या आशाताईंना विचारा, येत्या ९ तारखेला कुठे जायचं. पडघ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यापुढे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. मुंबईत परळचं वाडिया प्रसूतिगृह (ते न्यासाचं, सरकारी नव्हे) आणि कामा रुग्णालय. गोदामात कामाला आलेली, रेशनकार्ड गावाकडे असलेली बाईसुद्धा इथे प्रसूत होऊ शकते. कागद नाही म्हणून घरी बसू नये.

खाजगीतच जायचं असेल तर तेही डोळे उघडे ठेवून. शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित राज्य नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, आणि तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता आधी दाखल करून घ्यायचं असतं.

‘सिझर म्हणजे डॉक्टरचा धंदा’, आणि ‘एकदा सिझर, कायम सिझर’

पहिल्या समजुतीला आधार नाही असं म्हणता येत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर सरकारी रुग्णालयांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के, तर खाजगीत ४७.४ टक्के आढळलं. एवढी तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी होत नाही. पण म्हणून आपल्या घरातल्या बाईचं सिझर अनावश्यक ठरत नाही. बाळाचे ठोके घसरले, वार सुटली, की तेव्हा वाट पाहणं महागात पडतं. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘नॉर्मल करून द्याल ना?’ हा नाही. ‘तुम्ही सिझर कधी ठरवता आणि ठरवलं तर कारण आम्हाला सांगाल का?’ हा आहे. पहिलं सिझर झालेल्या अनेक बायकांची पुढची प्रसूती नैसर्गिक होऊ शकते, मात्र गर्भाशयावरच्या आधीच्या छेदाचा प्रकार, मधलं अंतर आणि चोवीस तास तयार असलेली शस्त्रक्रियेची खोली पाहूनच.

सोनोग्राफीबद्दल थोडक्यात. मशीन आहे म्हणून दवाखाना मोठा होत नाही. ते मशीन १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं आणि लिंगनिदान होत नसल्याची पाटी लागते. हलक्या आवाजात कोणी ‘मुलगा की मुलगी’ सांगायची तयारी दाखवली, तर तिथून उठून या. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी मात्र चुकवू नका. बाळात व्यंग आहे का ते तेव्हा दिसतं आणि पुढचा निर्णय घ्यायला वेळ उरतो.

‘लग्न झालेल्या बायकांनीच या डॉक्टरकडे जायचं’

पाळीत अंगावरून खूप जातं, पोटात असह्य दुखतं, पाळी महिनोन्‌महिने येत नाही, अशा मुलीला आया ‘लग्नानंतर ठीक होईल’ म्हणून घरी ठेवतात. तशी ती ठीक होत नाही. तिच्यासोबत जा, आणि काही वेळ तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.

गर्भपाताबद्दल तर भीतीच जास्त. १९७१ पासून तो ठरावीक अटींवर कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही विशिष्ट परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांचं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही यात धरलं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. दवाखाना तेवढा मान्यताप्राप्त हवा. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून गुपचूप घेणाऱ्या बाईला रक्तस्राव झाला तर ती सांगायलाही घाबरते.

‘पिशवी काढली की कटकट गेली’

चाळिशीच्या आतच हा सल्ला मिळालेल्या बायका सगळीकडे भेटतात. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढल्याचं २०१९ मध्ये राज्य सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. त्यात ऊसतोड मजूर बायकांचा प्रश्न ऐरणीवर आला. गर्भाशय काढल्याने, विशेषतः सोबत बीजकोशही काढले तर, हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. पांढरं जाणं, पाळीचा जास्त स्राव, कंबरदुखी यांवर आधी औषधं आणि साधे उपाय असतात. कर्करोगाची भीती घातली गेली तर तपासणीचा कागद मागा. तो घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा. दुसरं मत घेणं हा पहिल्या डॉक्टरचा अपमान नव्हे आणि आपले कागद मिळणं हा आपला हक्क आहे.

शेवटी माहेरचा मुद्दा, कारण आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि सासरी घातलेलं नाव तिथेच राहतं. वडप्याची लेक शहापूर, वाडा किंवा मुरबाडला दिली असो, की तिकडून सून वडप्यात आली असो, दोन्हीकडे नोंद हवी. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट आणि हिमोग्लोबिनचे कागद एका पिशवीत घालून तिच्यासोबतच द्या, आणि निघण्यापूर्वीच माहेरच्या डॉक्टरांना एकदा फोन करा. अंगावरून रक्त जाणं, जोरात डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, चेहऱ्यावर सूज, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर कुठे जायचं हे माहेरच्या माणसांनाही पाठ असायला हवं.